उतारवयात हातपाय चालते ठेवण्यासाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठी ओलांडलेले लोक आणि त्यांची मुलं, दोघांकडूनही तेच प्रश्न फिरून फिरून येतात. त्यांतले नेहमीचे इथे घेतले आहेत. उत्तरांत एक हट्ट वारंवार डोकावेल, तो आधीच सांगून टाकतो: या वयात खुर्चीतून हात न टेकता उठता येणं ही मोठी इस्टेट आहे. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचे आकडे सांभाळायचेच. पण माणूस परावलंबी होतो तो पुष्कळदा पायातलं बळ गेल्यामुळे, आणि ते बळ कोणी मोजत नाही.

सत्तरी उलटून गेली. आता व्यायाम सुरू करून काही उपयोग आहे का?

आहे. १९९० साली बोस्टनच्या संशोधकांनी वृद्धांच्या निवासी केंद्रातल्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त माणसांकडून आठ आठवडे मांड्यांचा वजनी व्यायाम करून घेतला. ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. प्रयोग अगदी छोटा होता, पण त्याच मंडळींनी १९९४ साली शंभर जणांवर तो पुन्हा केला आणि तेव्हाही ताकद दुपटीहून वर गेली.

पहिल्या प्रयोगातली दुसरी गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत कमावलेली ताकद झपाट्याने उतरू लागली. तेव्हा ‘तीन महिने केला, बरं वाटलं, सोडून दिला’ असं इथे चालत नाही. दात घासणं आपण जसं कधी ‘पूर्ण’ करत नाही, तसंच हे.

छातीत दुखत असेल, थोडं चाललं तरी धाप लागत असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी आजच सुरू करायला हरकत नाही.

मी रोज तासभर चालतो. तेवढं पुरेसं आहे ना?

हृदयासाठी आणि मनासाठी उत्तम. पायांच्या ताकदीसाठी आणि तोलासाठी अपुरं.

स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. एक संथपणे, दीर्घकाळ काम करणारे. चालताना मुख्यतः ते वापरले जातात. दुसरे झटक्यात जोर लावणारे. ठेच लागल्यावर पाय चटकन पुढे टाकून सावरायला हे दुसरे लागतात, आणि वयाबरोबर आधी आणि जास्त झिजतात तेही हेच. सपाट रस्त्यावर रमतगमत चालण्याने त्यांना फारसं काम मिळत नाही. म्हणून वर्षानुवर्षं न चुकता फिरायला जाणारा माणूसही खोल सोफ्यातून उठताना हात टेकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेला सल्ला असा: ६५ वर्षांवरच्यांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल करावी, किमान दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असा व्यायाम करावा, आणि किमान तीन दिवस तोल आणि ताकद दोन्हींवर काम करावं. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही इतपत.

घरी काय करायचं? भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि हात छातीवर घेऊन दहा वेळा उठा-बसा. बसताना धपकन अंग टाकू नका; सावकाश बसण्यातच अर्धा व्यायाम आहे. खुर्चीची पाठ धरून टाचा उचला. मग एका पायावर उभं राहा, आधाराला हात लांबवता येईल अशा जागी. भिंतीला तळहात टेकवून उभ्याने ढकला. दहा सहज जमायला लागले की व्यायाम थोडा अवघड करा: पिशवीत वजन घ्या, खुर्ची जरा बुटकी घ्या. सोपं वाटणारं तेच ते करत राहिलं की ताकद वाढायची थांबते.

दहा हजार पावलं चालायलाच हवीत का?

नाही. हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. नाव गाजलं आणि त्याचा नियम झाला.

२०१९ साली सरासरी ७२ वर्षं वयाच्या महिलांवर प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे कमी दिसलं. साडेसात हजारांच्या पुढे मात्र फरक जवळजवळ थांबला. घड्याळात दहा हजार भरत नाहीत म्हणून रात्री अंधारात फेऱ्या मारणारे लोक आहेत. त्यांनी कृपया झोपावं.

आपल्या पायांत किती जोर आहे हे कसं कळेल?

खुर्चीत बसा, हात छातीवर आडवे घ्या. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते कोणाला तरी मोजायला सांगा. पासष्ट ते सत्तरच्या दरम्यान पुरुषांना बारापेक्षा आणि स्त्रियांना अकरापेक्षा कमी वेळा जमलं, तर ताकद वयाच्या मानाने कमी आहे आणि पडण्याचा धोका वाढलेला आहे असं धरतात. ऐंशी ते चौऱ्याऐंशीच्या दरम्यान हेच आकडे दहा आणि नऊ. एकदाही हाताशिवाय उठता आलं नाही तर शून्य लिहा, वाईट वाटून घेऊ नका, आणि उशी ठेवून खुर्ची उंच करून तिथून सुरुवात करा. महिन्यातून एकदा तारीख टाकून आकडा लिहून ठेवा. रक्ताच्या अहवालांची फाइल असतेच, तिच्या पहिल्या पानावर.

गुडघे दुखतात. मग हालचाल कमी करायला नको का?

गुडघ्याच्या झिजेवर मांडीचे स्नायू बळकट करणं हाच पहिल्या फळीतला उपचार मानला जातो. मांडी कमजोर असली की चालताना बसणारा हादरा थेट सांध्यावर येतो. व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखणं पूर्ववत व्हायला हवं. तसं झालं नाही तर प्रमाण कमी करा, बंद करू नका. गुडघा लाल, गरम, सुजलेला असेल किंवा ताप असेल तर मात्र डॉक्टरांकडे.

बरं वाटत नसलं की अंथरुणात पूर्ण विश्रांती घ्यावी ना?

हा समज फार महागात पडतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी लोकांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांतला सुमारे एक किलो स्नायू गेला. हे निरोगी माणसांचं. ताप, संसर्ग, उडालेली भूक यांची भर पडली की घट आणखी वेगाने होते. ‘न्यूमोनिया बरा झाला, पण तेव्हापासून चालणंच सुटलं’ ही कहाणी अशीच घडते.

म्हणून डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर आजारातही जेवायला खुर्चीत बसा, दर तासाला पायांचे पंजे वरखाली करा, शौचालयापर्यंत आधार घेऊन का होईना पण चालत जा. रुग्णालयात असलात तर ‘यांना आज उठवून बसवता येईल का?’ हे घरच्यांनी रोज विचारावं.

पडण्याची भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

जगभर ६५ वर्षांवरच्या साधारण तीनांतल्या एका माणसाला वर्षातून एकदा तरी पडण्याचा अनुभव येतो. तेव्हा भीती खोटी नाही. पण भीतीमुळे हिंडणं कमी होतं, त्यामुळे पाय आणखी कमजोर होतात, आणि पडण्याची शक्यता वाढते.

आधी प्रकाश पाहा. वयाबरोबर बाहुली लहान होते आणि डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं; विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोचतो. मुलांना ‘लख्ख उजेड’ वाटणारी खोली तुम्हाला अंधारी वाटते ती यामुळे. पलंगापासून शौचालयापर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा ठेवा. निसटणाऱ्या सपाता, कडा दुमडलेली पायपुसणी, जमिनीवरून गेलेल्या वायरी आजच काढा. न्हाणीघरात पकडायला भक्कम दांडी बसवा. टॉवेल अडकवायची दांडी वजन पेलत नाही.

दुसरी गोष्ट रक्तदाब. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांत, असा दोन्ही वेळा मोजून घ्या. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा १० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर डॉक्टरांना सांगा. झोपेतून उठताना आधी पलंगाच्या कडेला बसा, पाय हलवा, मग उभं राहा.

पडलात तर लपवू नका. मुलं फिरणं बंद करतील म्हणून पुष्कळ जण सांगत नाहीत, आणि दुसऱ्यांदा पडल्यावर खुबा मोडतो.

भूक कमी झाली आहे. या वयात हलकंच खावं, नाही का?

पोटाला हलकं चालेल, पण प्रथिनांनी हलकं नको. म्हाताऱ्या स्नायूला तेवढ्याच प्रथिनांतून कमी बांधणी करता येते, म्हणून त्याला तरुणापेक्षा जास्त लागतात. तरुणांना दर किलो वजनामागे रोज ०.८ ग्रॅम पुरेसं मानतात; निरोगी ज्येष्ठांसाठी तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. ६० किलोच्या माणसाला म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

दूध, दही, डाळी, कडधान्यं, सोयाबीन, अंडी, मासे, जे चालत असेल ते प्रत्येक जेवणात थोडं थोडं घ्या. नुसत्या चहा-बिस्किटांवर सकाळ आणि पातळ पेजेवर रात्र काढणाऱ्याच्या स्नायूंना दुपारी एकदाच काय ते मिळतं. ताटात आधी प्रथिनांचा पदार्थ संपवा, पोट लवकर भरलं तर मागे भात राहू द्या. चावता येत नाही म्हणून खाणं मऊमऊ होत गेलं असेल तर दुखणं दातांचं आहे, तिकडे जा. कवळी रात्री काढून, घासून ठेवा. ती घालून झोपणाऱ्या अतिवृद्धांमध्ये न्यूमोनियाचं प्रमाण जपानमधल्या एका अभ्यासात दुपटीहून जास्त आढळलं.

प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्के घटलं, म्हणजे ६० किलोंचे ५७ झाले, तर ‘बरं झालं, सडपातळ झालो’ म्हणू नका. तपासून घ्या.

पाणी किती प्यावं?

तहानेची जाणीव वयाबरोबर बोथट होते, त्यामुळे तहान लागायची वाट पाहू नका. चहा, दूध, सार सगळं धरून स्त्रियांनी दिवसाला सुमारे १.६ लिटर आणि पुरुषांनी २ लिटर द्रव घ्यावा असा सर्वसाधारण सल्ला आहे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारात पाण्यावर मर्यादा असू शकते.

रात्री लघवीला उठावं लागतं, कधी कपडेही ओले होतात. हे वयोमानाने होतंच ना?

‘वयोमानाने होतंच’ या शब्दांखाली जितकी बरी होण्याजोगी दुखणी दडपली जातात, त्यांत हे सगळ्यात पुढे. लाजेमुळे माणसं पाणी पिणं तोडतात, बाहेर जाणं तोडतात, आणि कोणाला सांगत नाहीत. प्रोस्टेट, संसर्ग, वाढलेली साखर, बद्धकोष्ठ, एखादी गोळी अशी कारणं सापडतात. लघवी रोखताना आवळले जातात ते स्नायू रोज ठरवून आवळण्या-सोडण्याचा व्यायाम स्त्री-पुरुष दोघांनाही उपयोगी पडतो. झोपायच्या दोन तास आधी पेयं कमी करा, दिवसभराचं पाणी मात्र कमी करू नका.

झोपच लागत नाही. गोळी घेऊ का?

आधी हिशेब तपासा. ६५ नंतर सात ते आठ तास झोप पुरते. गाढ झोपेचा वाटा घटतो, जाग जास्त वेळा येते, आणि शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, म्हणजे संध्याकाळी लवकर पेंग आणि पहाटे लवकर जाग. नऊला झोपून चारला उठणाऱ्याला निद्रानाश नाही. त्याची सात तास झोप झालेली आहे. त्यात दुपारचे दोन तास मिळवले तर रात्र पोकळ जाणारच. दुपारी अर्धा तास, तोही तीनच्या आत. दुपारनंतर चहा-कॉफी नको. सकाळचं ऊन अंगावर घ्या.

झोपेच्या गोळ्यांनी रात्री उठताना तोल जातो, सवयही लागते. वर्षानुवर्षं घेत असाल तर एकदम बंद करू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी होतात. मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तर ते घरच्यांनी डॉक्टरांना सांगायला हवं.

नावं आठवत नाहीत. हा स्मृतिभ्रंश तर नव्हे?

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण कोणा तरुणाने रचली असावी. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं नेहमीचं. चष्मा कशासाठी असतो हे कळेनासं होणं, ओळखीच्या रस्त्यावर हरवणं, पैशांचे नेहमीचे व्यवहार न जमणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा विचारणं, हे तपासण्यासारखं. थायरॉइडचा बिघाड, बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, औषधं यांमुळेही विसराळूपणा येतो आणि तो सुधारू शकतो.

वैद्यकीय नियतकालिक ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता किंवा कमी करता येण्याजोगी १४ कारणं मांडली. त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बैठी राहणी, एकटेपणा आहेतच. कमी ऐकू येणंही ठळकपणे आहे. ऐकू न येणारा माणूस गप्पांतून बाहेर पडतो, आणि लोक समजतात की त्याला कळत नाही. चष्मा लावायला कोणी लाजत नाही, श्रवणयंत्राला मात्र दहा वर्षं लावतात, हे मला न उलगडलेलं कोडं आहे.

ताकदीसाठी टॉनिक किंवा व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्याव्यात का?

तपासणीत कमतरता निघाली तर जरूर. बी-१२ कडे विशेष लक्ष द्या: वयाबरोबर जठरातलं आम्ल कमी होऊन ते अन्नातून नीट शोषलं जात नाही, आणि मधुमेहाचं मेटफॉर्मिन व आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर पातळी आणखी उतरते. पायांना मुंग्या, तोल जाणं ही त्याची खूण असू शकते. कमतरता नसताना घेतलेलं टॉनिक पायात बळ आणत नाही.

‘हृदयासाठी चांगली’ म्हणून स्वतःहून रोज ॲस्पिरिन सुरू करू नका. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सत्तरीपुढच्या निरोगी लोकांना तिचा फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. आधी हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्यांची गोष्ट वेगळी; त्यांनी ती बंद करू नये.

दिवसाला नऊ-दहा गोळ्या होतात. सगळ्या लागतात का?

हा प्रश्न डॉक्टरांना वर्षातून एकदा विचाराच. रक्तदाबाच्या एका गोळीने घोट्यांना सूज येते. सूज दिसली म्हणून लघवीची गोळी मिळते. तिच्यामुळे रात्री चारदा उठणं होतं, झोपमोड होते, म्हणून झोपेची गोळी. आणि मग पहाटे शौचालयाच्या वाटेवर माणूस पडतो. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर होती, पण तिन्ही कोणी एकत्र ठेवून पाहिल्या नाहीत.

घरातली सगळी औषधं, काढे, मलमं आणि दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांसह, एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओता. सर्दी-खाजेच्या झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्यांनी ज्येष्ठांना भ्रम होऊ शकतो आणि लघवी तुंबू शकते. आपणहून मात्र काहीच बंद करू नका.

मोठ्यांनाही लशी असतात?

हो. फ्लूची दरवर्षी, न्यूमोकोकल न्यूमोनियाची, आणि नागिणीची दोन डोसांत. धनुर्वाताचा बूस्टर कधी घेतला होता तेही आठवून पाहा.

चाळीस वर्षं सिगारेट ओढली. आता सोडून काय होणार?

ब्रिटिश डॉक्टरांवर पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासाने २००४ साली याचं उत्तर दिलं: साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनाही सरासरी तीन वर्षं जास्त आयुष्य मिळालं.

कोणती दुखणी अंगावर काढू नयेत?

तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात उचलता न येणं, बोलणं अचानक अडखळणं: पक्षाघात समजा आणि ताबडतोब रुग्णालय गाठा, पाच मिनिटं आडवं होऊन पाहू नका. छातीत दाब, डोक्यावर पडणं (रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जखम दिसत नसली तरी), काळी शौच. आणखी एक, जे घरच्यांनाच दिसतं: कालपर्यंत नीट असलेली व्यक्ती आज एकाएकी असंबद्ध बोलते. ज्येष्ठांमध्ये लघवीचा किंवा छातीचा संसर्ग ताप न येताही असा प्रकट होतो.

आम्ही आई-बाबांना एकही काम करू देत नाही, तरी त्यांची तब्येत खालावतेय. काय चुकतंय?

बहुधा तेच. प्रेमापोटी हातातली भाजीची पिशवी काढून घेतली, जिना बंद केला, चहा जागेवर आणून दिला, व्यवहार मुलांनी पाहिले. दिवसभरात उठायचं एकेक कारण गेलं, आणि त्याबरोबर बोलायचंही. फोनवर सल्ले देणारी मुलं आणि ‘हो हो’ म्हणणारे वडील यांच्यात व्यायामाची गोष्ट वर्षभर चालते, व्यायाम होत नाही. त्यापेक्षा त्यांच्यावर काहीतरी सोपवा, ज्यावाचून घराचं खरंच अडेल: झाडांना पाणी, नातवाला शाळेतून आणणं, हिशेबाची वही, आठवड्यातून एकदा मित्रांना घरी बोलावणं. वेळ लागेल, पाणी सांडेल, हिशेब एखाद-दोन रुपयांनी चुकेल.

आणि आई खुर्चीच्या कडेला सरकून, पाय मागे घेऊन उठायच्या बेतात दिसली, तर ‘तू बस, मी देतो’ म्हणायच्या आधी जरा थांबा. तिला उठू द्या.